सत्याग्रह कमी पडला म्हणून १९६१ ला गोव्यात सैन्य घातलं, ते बरोबर होतं का?

पायवाट:
नमस्कार मंडळी, खूप दिवस मनात आहे ते विचारतो. माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते. पुण्याहून तुकडीबरोबर बांद्याला गेले आणि तिथून पत्रादेवीच्या बाजूने हद्दीत, हातात झेंडा आणि तोंडात घोषणा, दुसरं काही नाही. त्या दिवशी वेगवेगळ्या नाक्यांवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून जास्त माणसं गेली. पत्रादेवीलाच मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळी लागल्यावर पंजाबचे करनैलसिंग पुढे झाले आणि तिथेच हुतात्मा झाले. आजोबांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, डावा हात कोपरात परत कधी सरळ झाला नाही.

तर सांगायचं म्हणजे १९ डिसेंबर १९६१ ला रेडिओवर गोवा मुक्त झाल्याची बातमी आली तेव्हा सगळी आळी नाचत होती आणि आजोबा ओसरीवर बसून रडत होते. आनंदाने की दुःखाने हे घरात कोणी विचारलंच नाही. ते शेवटपर्यंत खादी आणि अहिंसा मानणारे. माझा प्रश्न एवढाच, जे काम निःशस्त्र माणसांना जमलं नाही ते फौजेने ३६ तासात केलं, मग अहिंसा चुकली असं म्हणायचं का? आणि युद्ध बरोबर होतं असं म्हणताना मला अजून जड का जातं?

रिटायर्ड_सुभेदार_सातारा:
जय हिंद दादा. आजोबांना माझा सॅल्यूट. मी २४ वर्षं फौजेत काढली, युद्ध आवडतं म्हणणारा जवान मला भेटलेला नाही, असं बोलतात ते बहुतेक टीव्हीसमोर बसलेले. पण काही वेळा दुसरा रस्ता राहत नाही हे मानावं लागतं. सत्याग्रह चालायला समोरच्याला लाज वाटावी लागते, निदान त्याच्या देशातल्या लोकांना तरी. इंग्रजांकडे पार्लमेंट होतं, पेपर होते, तिकडे प्रश्न विचारले जायचे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्याकडे सेन्सॉर आणि गुप्त पोलीस. लिस्बनमधल्या माणसाला पत्रादेवीला काय झालं ते कळणारच कसं? आणि आपण काय उठसूट घुसलो नाही, १९४७ ते १९६१ चौदा वर्षं बोलणी, नाकेबंदी, सगळं करून झालं. अहो गांधीजींनी सुद्धा ऑक्टोबर १९४७ ला काश्मीरला फौज पाठवायला विरोध केला नव्हता. माझ्या मते गोवा बरोबरच होतं.

निर्मळ_झरा:
सुभेदारसाहेब, आदर ठेवून असहमत. सत्याग्रहाची मोठी परीक्षा एकदाच झाली, १५ ऑगस्ट ५५ ला, त्यानंतर आपल्याच सरकारने हद्द बंद करून सत्याग्रहींना अडवलं. मग सहा वर्षांनी म्हणायचं की बघा अहिंसेने होत नाही. फौज एकदा हरली तर आपण फौज मोडीत काढतो का? उलट जास्त बजेट देतो, जास्त ट्रेनिंग देतो. विनोबांनी १९५७ ला शांतिसेना काढली तेव्हा तिच्यासाठी देशाने त्या मानाने काय केलं? दुसरं, १९७४ ला पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही गेली आणि पुढच्या दीड-दोन वर्षात आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहती मोकळ्या झाल्या. गोवाही झालाच असता. तेरा वर्षं थांबायचं होतं फक्त, त्या तेरा वर्षांसाठी पोरांचे जीव घ्यायचे का हा माझा प्रश्न आहे.

तेरेखोलकाठ:
निर्मळताई, "फक्त" तेरा वर्षं कोणी थांबायचं हो? मी पेडण्याची आहे म्हणून विचारते. गोवा मुक्तीसाठी लढलेल्या मोहन रानडेंना पोर्तुगालच्या तुरुंगातून १९६९ ला सोडलं, गोवा मुक्त झाल्यावर सुद्धा सात वर्षं ते आतच होते. गोवा मुक्त नसता तर असे अजून किती आत गेले असते? आणि १९७४ ची क्रांती आकाशातून पडली नाही, अंगोला, गिनी, मोझांबिकमध्ये तेरा वर्षं लढून तिथले सैनिक कंटाळले म्हणून त्यांच्याच अधिकाऱ्यांनी सरकार उलथवलं. म्हणजे आपण हात स्वच्छ ठेवून बसायचं आणि आपलं स्वातंत्र्य आफ्रिकेतल्या लोकांच्या रक्ताने यायचं, ह्याला अहिंसा म्हणायचं का? मला नाही पटत.

पण एक गोष्ट लिहायलाच पाहिजे कारण ती कोणी सांगत नाही. सालाझारचा हुकूम होता की शरण जायचं नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचं. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो पाळला नाही. पूल उडवले त्यांच्या लोकांनी, पण पणजीत घराघरातून लढाई झाली नाही. बेतीहून मांडवी ओलांडून आपले जवान १९ ला सकाळी पणजीत पोचले आणि संध्याकाळी शरणागती झाली. आमची आजी सांगायची, पाखले (म्हणजे पोर्तुगीज) जाताना सगळं जाळून जाणार म्हणून लोक दागिने घेऊन डोंगरात लपले होते, तसलं काही झालं नाही. त्या गव्हर्नरला नंतर पोर्तुगालमध्ये सैन्यातून काढून टाकलं, १९७४ नंतर परत मान मिळाला. इतके जीव वाचले त्यात आपल्या फौजेचा संयम आहेच पण समोरच्या एका सेनाधिकाऱ्याने हुकूम मोडला त्याचाही मोठा वाटा आहे. मला हे शाळेत कोणी शिकवलं नाही, याचं वाईट वाटतं.

रिटायर्ड_सुभेदार_सातारा:
ताई हे मात्र एकदम खरं बोललात. हुकूम मोडायला किती धाडस लागतं ते युनिफॉर्म घातलेल्यालाच माहीत. आपले २२ गेले, त्यांचे ३० च्या आसपास, साडेचार हजारावर कैदी आणि ते पुढे सुखरूप परत पाठवले. म्हणून मी म्हणतो युद्ध बरोबर की चूक हे फक्त सुरू कशाला केलं त्याच्यावर नाही, कसं लढलात आणि कुठे थांबलात त्याच्यावर पण आहे.

निर्मळ_झरा:
तेरेखोलकाठ, आफ्रिकेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो मानते. तरी "दुसरा रस्ता नव्हता" हे वाक्य मला खटकतंच. हिटलरबद्दल सगळे तेच म्हणतात. गांधीजींनी १९३८ ला लिहिलं होतं की माणुसकीसाठी एखादं युद्ध न्याय्य ठरू शकत असेल तर ते जर्मनीविरुद्धचं ठरेल, पण माझा कुठल्याच युद्धावर विश्वास नाही. मार्टिन बूबर या ज्यू विचारवंताने, नाझींपुढे सत्याग्रह कसा चालणार असं त्यांना फार कळवळून उत्तर लिहिलं आणि खरं सांगायचं तर बूबरला द्यायला उत्तर माझ्याकडे पण नाही. पण प्रत्येक राज्यकर्ता आपल्या युद्धाला "हे शेवटचा उपाय म्हणून" असंच म्हणतो ना, मग तपासायचं कोणी?

पायवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. वरचं वाचून आज आत्याला फोन लावला, तेव्हा ती १४ वर्षांची होती. तिला विचारलं आजोबा का रडत होते. ती म्हणाली ते मला माहीत नाही रे, पण त्यांनी डोळे पुसून पहिलं हेच विचारलं, "आपले किती गेले? आणि त्यांचे?" रेडिओवर त्यांचे किती ते काही सांगितलं नव्हतं, तर पुढचे दोन-तीन दिवस ते पेपरात तेवढंच शोधत होते.

तेरेखोलकाठ ताई, तुमच्या आजीच्या डोंगरात लपायच्या आठवणी सविस्तर लिहाल का? डिसेंबरमध्ये आत्याला घेऊन पत्रादेवीच्या स्मारकाला यायचं ठरवतोय.