एफडीवरच्या कार्डाआधी जुनी नोंद बघा

सिबिल स्कोअर (आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारे गुण) कमी असल्याने कर्ज मिळत नसेल, तर एकांनी सुचवलंय की २०-२५ हजारांची एफडी करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, सिबिल आपोआप सुधारतं. उपाय खरा आहे, पण जुनं कर्जखातं सिबिलच्या रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ (कमी रकमेत तडजोड) किंवा ‘राइट-ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेलं) दिसत असेल तर स्कोअर वाढूनही कर्जाची फाइल मॅनेजरच्या टेबलावरच अडते. आपल्याकडे लातूर-बीड-परभणीत पीककर्जात हे फार होतं. एकरकमी तडजोडीत पैसे भरले, निल दाखला (बाकी शून्य असल्याचा) हातात आला, की लोक निर्धास्त होतात. बँकेने सोडलेली रक्कम मात्र रिपोर्टवर राहते. ती भरायची ऐपत असेल तर भरल्यावर नोंद ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) करणार असं शाखेकडून आधी लेखी घ्या, मगच पैसे भरा.

२०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत खातं निल होऊनही थकीत दिसत असेल, तर दाखला जोडून सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट (चुकीच्या नोंदीची तक्रार) टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. असे रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघांचेही रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतात. चारही काढा, एकात दुरुस्त झालेलं दुसऱ्यात तसंच असू शकतं. आणि कुणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही त्यात शोधा.

कार्डाचं म्हणाल तर २० हजार लिमिटवर बिल निघायच्या तारखेला ५-६ हजारांहून जास्त बाकी दिसू देऊ नका. बिल पूर्ण भरा, ‘मिनिमम ड्यू’वर (बिलात दिलेल्या किमान रकमेवर) थांबू नका.