अवक्षेपाच्या वजनावरून संहती काढताना भागायचे कोणत्या आकारमानाने?

प्रश्न: बी.एस्सी. द्वितीय वर्ष, दादर

सोडियम सल्फेटच्या द्रावणाची संहती अवक्षेपाच्या (द्रावणातून वेगळ्या होऊन खाली बसणाऱ्या घन पदार्थाच्या) वजनावरून काढण्याचे प्रात्यक्षिक आम्हांला आहे. मी पिपेटने २५ मिलिलिटर द्रावण बीकरमध्ये घेतले, त्यात थोडे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल व पाणी घालून आकारमान सुमारे २१० मिलिलिटर केले, ते उकळीला आणले आणि ढवळत ढवळत ०.२५ मोलर बेरियम क्लोराइडचे १५ मिलिलिटर द्रावण थेंबाथेंबाने सोडले. गाळून, धुऊन आणि मुशीत तापवून मिळालेल्या बेरियम सल्फेटचे वजन ०.५६०२ ग्रॅम भरले. आता मोलला २५ मिलिलिटरने भागायचे की बीकरमधील एकूण २२५ मिलिलिटरने, यावर आमच्या गटात एकमत होत नाही. शिवाय त्याच बाटलीतील द्रावण घेऊनही माझ्या जोडीदाराच्या अवक्षेपाचे वजन ०.५७१० ग्रॅम भरले, ते कशामुळे?

उत्तर १: रसायनशास्त्राची शिक्षिका, विलेपार्ले

भागायचे २५ मिलिलिटरनेच. बेरियम सल्फेटचे मोलर वस्तुमान २३३.३९ असल्यामुळे ०.५६०२ ग्रॅम म्हणजे ०.००२४०० मोल होतात, आणि एका बेरियम सल्फेटमागे एकच सल्फेट असल्याने पिपेटमधून बीकरमध्ये उतरलेले सल्फेटही तेवढेच होते. ते २५ मिलिलिटरमध्ये होते, म्हणून संहती ०.०९६० मोलर. बारा डब्यांच्या लोकलला आणखी तीन डबे जोडले तर दाटी कमी होते, प्रवासी तेवढेच राहतात. बीकरमध्ये नंतर ओतलेल्या पाण्याचे तसेच आहे. २२५ ने भागल्यास ०.०१०७ मोलर येते. ती अभिक्रियेपूर्वी सर्व काही मिसळले गेले असते तर बीकरमध्ये असलेली सल्फेटची संहती होय, आणि ती कोणी विचारलेली नाही.

मात्र हे सगळे गणित बेरियम जास्त पडले या गृहीतकावर उभे आहे, तेव्हा ते तपासून घ्यावे. आपण ०.००३७५ मोल बेरियम घातले आहे, म्हणजे ०.००१३५ मोल शिल्लक उरते. ते कमी पडले असते, तर अवक्षेपाच्या वजनावरून सल्फेटचे नव्हे, बेरियमचेच मोल मिळाले असते.

उत्तर २: निवृत्त विश्लेषक, मुलुंड

शिल्लक बेरियमचा आणखी एक उपयोग आहे. बेरियम सल्फेटचा विद्राव्यता गुणाकार (संपृक्त द्रावणातील बेरियम व सल्फेट आयनांच्या संहतींचा गुणाकार) २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.१ × १०⁻¹⁰ आहे. दोन्ही आयन अगदी समप्रमाणात असते, तर २२५ मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅमहून थोडे अधिक बेरियम सल्फेट विरघळलेले राहिले असते आणि आपल्या वजनाचा चौथा दशांश चुकला असता. आपल्या बीकरमध्ये ०.००६ मोलर बेरियम उरले असल्याने हे नुकसान जेमतेम एका मायक्रोग्रॅमवर येते, जे तराजूला दिसतही नाही.

जोडीदाराच्या वजनाकडे मी संशयाने पाहीन. बेरियम क्लोराइड घाईने ओतले, तर ते स्फटिकांत अडकून बसते आणि वजन वाढते. म्हणूनच द्रावण गरम ठेवून ते सावकाश सोडायचे आणि अवक्षेप काही वेळ गरम द्रावणातच मुरू द्यायचा, म्हणजे कण मोठे व स्वच्छ होतात. गरम पाण्याने धुताना खाली येणाऱ्या पाण्याचा थेंब सिल्व्हर नायट्रेटने गढूळ होईनासा होईपर्यंत, म्हणजे क्लोराइड धुऊन निघेपर्यंत, थांबू नये. उलट, गाळणकागद नीट हवा न देता जाळला तर कार्बनमुळे काही सल्फेटचे सल्फाइड होते आणि वजन घटते. त्यावर संहत सल्फ्युरिक आम्लाचा एक थेंब टाकून मूस पुन्हा तापवावी. सलग दोन वजने जुळेपर्यंत तापवणे आणि डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारी सिलिका जेल ठेवलेल्या बंद भांड्यात) थंड करणे तर हवेच. पावसाळ्यात आपल्याकडे निळी सिलिका जेल पाहता पाहता गुलाबी होते, तेव्हा तिचा रंग आधी पाहावा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. एक तपशील राहिला होता: सरांनी दिलेले ५० मिलिलिटर द्रावण आम्ही प्रमाण फ्लास्कमध्ये २५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाण्याने भरले आणि त्यातून २५ मिलिलिटर घेतले. उत्तर मूळ द्रावणाचे द्यायचे आहे.

उत्तर ३: रसायनशास्त्राची शिक्षिका, विलेपार्ले

मग ०.०९६० मोलर ही फ्लास्कमधील द्रावणाची संहती झाली. मूळ द्रावण पाच पट विरल केले आहे, म्हणून उत्तर ०.४८० मोलर, आणि प्रति लिटर ग्रॅममध्ये हवे असेल तर निर्जल सोडियम सल्फेटच्या १४२.०४ या मोलर वस्तुमानाने गुणून सुमारे ६८.२ ग्रॅम. पिपेटने घेण्याआधी घातलेले पाणी हिशेबात धरावे लागते, कारण त्यामुळे पिपेटमध्ये येणाऱ्या सल्फेटचे प्रमाण बदलते. पिपेटनंतर घातलेले पाणी धरायचे नसते. जर्नलमध्ये ही दोन्ही आकारमाने वेगवेगळ्या ओळींत लिहावीत. जोडीदाराचे वजन पुन्हा तापवून स्थिर होईपर्यंत दोघांच्या वजनांची सरासरी काढू नये.