फिक्स साइटचे सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर खाली आणि डावीकडे मारते: पुढचे पाते किती घासावे?

पाचगोळ्या (प्रश्न)

माझ्याकडे .४५ कोल्ट काडतुसाचे, साडेपाच इंची नळीचे सिंगल-ॲक्शन (दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागणारे) रिव्हॉल्व्हर आहे. अमेरिकी सैन्याने १८७३ साली स्वीकारलेल्या कोल्टच्या घडणीवर ते बेतलेले असल्यामुळे मागची साइट (नेम धरण्याची खूण) म्हणजे फ्रेमच्या माथ्यावर कोरलेली खाच आणि पुढची साइट म्हणजे नळीवर पक्के बसवलेले पाते. फिरवायला एकही स्क्रू नाही. २५ मीटरवरून २०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळ्यांनी पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचे छिद्रांचे पुंजके, घेतले. प्रत्येक ग्रुप तळहातात मावेल एवढा, म्हणजे माझ्या मते समाधानकारक आहे, परंतु त्याचा मध्य नेमाच्या बिंदूपासून सुमारे १२ सेंमी खाली आणि ७ सेंमी डावीकडे पडतो. पाते घासले की गोळी वर जाते, एवढे मला ठाऊक आहे. मात्र एकदा घासलेले पोलाद परत येत नाही, म्हणून कानस हातात घेण्यापूर्वी अनुभवी मंडळींना विचारतो: पाते नेमके किती घासावे, आणि डावीकडच्या फरकावर काय उपाय करावा?

जुनीमूठ

कानस तूर्त बाजूला ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फिक्स साइट एका काडतुसाशी, एका अंतराशी आणि एका हाताशीच जुळते. त्या तीन गोष्टी आधी ठरवल्याशिवाय पाते घासणे म्हणजे माप न घेता कापड कापणे होय.

तुमची गोळी २०० ग्रेनची आहे, आणि या काडतुसाची मूळ गोळी २५० ग्रेनच्या आसपासची होती. हलकी गोळी वेगवान असते, म्हणून ती वर लागावी असे कोणालाही वाटेल, पण रिव्हॉल्व्हरच्या अंतरावर नेमके उलट घडते. गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण एक हजारांश सेकंद घेते आणि तेवढ्या वेळात धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जाऊ लागलेले असते. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि धक्काही जास्त देते, त्यामुळे ती बाहेर पडते तेव्हा नळी अधिक वर झालेली असते. गुरुत्वाकर्षणाचा वाटा किती, तेही पाहा: सेकंदाला २५० मीटर वेगाची गोळी २५ मीटरवर सुमारे ५ सेंमी खाली येते आणि २८० मीटर वेगाची सुमारे ४ सेंमी. हा जेमतेम सेंटीमीटरभराचा फरक नळीच्या उचलण्यापुढे टिकत नाही. रिकाम्या रिव्हॉल्व्हरकडे बाजूने पाहिलेत तर पुढचे पाते मागच्या खाचेपेक्षा नळीच्या मध्यरेषेपासून बरेच उंच दिसेल. नेम धरला असता नळी किंचित खाली रोखलेली असते, ती या उचलण्याचा हिशेब धरूनच.

म्हणून आधी २५० ग्रेनच्या गोळ्या मारून पाहा. मनगटांखाली वाळूची पिशवी घ्या, परंतु नळी किंवा फ्रेम कशावरही टेकवू नका, कारण टेकवलेली नळी वेगळ्या रीतीने उसळते आणि मिळालेले माप मोकळ्या हाताला लागू पडत नाही. या रिव्हॉल्व्हरची नांगराच्या मुठीसारखी बाकदार मूठ धक्क्याबरोबर तळहातात वर फिरते, आणि ती प्रत्येक वेळी सारखीच फिरायची तर पकडही दर गोळीला सारखीच हवी. करंगळी कधी मुठीवर, कधी मुठीखाली, असे झाले की ग्रुप उभा लांबतो.

डावीकडच्या ७ सेंमीबद्दल मला आधी तुमच्या हाताची शंका येते. उजव्या हाताच्या नेमबाजाचे बोट चापावर अपुरे पोहोचले की ते चाप सरळ मागे न ओढता डावीकडे ढकलते. एखाद्या डावखुऱ्या नेमबाजाला याच रिव्हॉल्व्हरने दोन ग्रुप मारायला सांगा. त्याचाही ग्रुप डावीकडेच पडला तर दोष शस्त्राचा आहे.

कानस

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. काडतूस ठरल्यावर उरलेल्या फरकाचा हिशेब असा मांडावा: टार्गेटवरचा फरक गुणिले दोन्ही साइटमधले अंतर, भागिले टार्गेटचे अंतर. तुमच्या नळीवर साइटमधले अंतर साधारण १६५ मिमी भरेल. ते स्वतः मोजून घ्या. समजा गोळी ५ सेंमी खाली राहिली, तर ५० गुणिले १६५ भागिले २५,००० म्हणजे ०.३३ मिमी. कागदाच्या तीन-चार पानांएवढी ही जाडी आहे, आणि धारदार कानसीचे थोडे जास्तीचे फटके सारे बिघडवू शकतात. पहिल्या बैठकीत ०.२ मिमीच घासावे, ज्याने ग्रुप सुमारे ३ सेंमी वर यावा, मग पुन्हा गोळ्या मारून पाहावे आणि शेवटचा दशांश मिलिमीटर दुसऱ्या दिवशीसाठी राखावा. घासण्यापूर्वी सिलिंडर (काडतुसे धरणारा फिरता भाग) काढून ठेवावा, नळीवर जाड चिकटपट्टी लावावी, दर दोन फटक्यांनी कॅलिपरने उंची मोजावी आणि पात्याचा माथा सपाट ठेवून नेमबाजाकडची कड तीक्ष्ण ठेवावी, कारण गोल झालेल्या कडेवर प्रकाश चमकतो आणि पात्याची खरी उंची डोळ्याला कळेनाशी होते. खाली मारणारे रिव्हॉल्व्हर मिळाले, हे तुमचे भाग्य समजा. वर मारणाऱ्याला पात्यावर धातू चढवावा लागतो किंवा पातेच बदलावे लागते.

डावीकडचा फरक खरोखर शस्त्राचा निघाला तर नळी फ्रेममध्ये किंचित फिरवावी लागते. पुढची साइट नेहमी आपल्याला गोळी जिकडे हवी त्याच्या विरुद्ध बाजूला न्यायची, म्हणजे येथे पाते डावीकडे न्यायचे आणि त्यासाठी नळी आणखी आवळायची. ७ सेंमीसाठी पात्याचा माथा ०.४६ मिमी सरकायला हवा. तो नळीच्या मध्यापासून १७ मिमी वर आहे असे धरले तर फिरवणे होते अवघे दीड अंश. हे काम नळीसाठी खास ठोकळे आणि फ्रेमचा पाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. फ्रेममधल्या सिलिंडरच्या मोकळ्या जागेतून लाकडी दांडा घालून नळी पिळण्याचा प्रयत्न मी पाहिला आहे, आणि त्यात फ्रेम कायमची मुरडली गेली.

ज्यांना वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्या सतत बदलायच्या असतात, त्यांनी १९५५ सालापासून मिळणाऱ्या रुगर ब्लॅकहॉकसारखे, मागची साइट स्क्रूने हलणारे रिव्हॉल्व्हर घेणेच शहाणपणाचे आहे. एकाच काडतुसाशी निष्ठा ठेवणाऱ्याला मात्र फिक्स साइटइतके भरवशाचे काही नाही. ती धक्क्याने सैल होत नाही आणि म्यानातून काढताना अडकत नाही.

दूरनेम

एक भर घालतो. सिलिंडरमधल्या सहाही चेंबरना (काडतुसांच्या घरांना) क्रमांक द्या आणि प्रत्येक चेंबरचा ग्रुप वेगळ्या टार्गेटवर घ्या. चेंबरचे पुढचे तोंड नळीच्या आतल्या पिळदार खोबणीच्या व्यासापेक्षा अरुंद असले तर शिशाची गोळी तिथेच दबून बारीक होते, नळीत सैल जाते आणि भलतीकडे लागते. .४५ कोल्टच्या आधुनिक नळीला तोंडाचे माप .४५२ इंचाच्या आसपास हवे. एखादेच चेंबर बिघडलेले असेल तर त्याच्या गोळ्या सरासरी ओढून नेतात आणि तुम्ही पाते चुकीच्या आकड्यावर घासता.

पाचगोळ्या

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत सांगितल्याप्रमाणे केले. २५० ग्रेनच्या गोळीने ग्रुप १२ सेंमीऐवजी ५ सेंमी खाली आला. चापावर बोटाच्या पेराचा मध्य ठेवल्यावर डावीकडचा फरक ७ वरून २ सेंमीवर उतरला, आणि एका डावखुऱ्या मित्राचा ग्रुप मध्यापासून २ सेंमी उजवीकडे पडला, तेव्हा नळीला हात लावायचा नाही असे ठरवले. पाते आधी ०.२ मिमी आणि आठवड्याने आणखी ०.१ मिमी घासले. आता गोळ्या नेमाच्या बिंदूखाली जेमतेम अर्धा सेंटीमीटर लागतात. चौथ्या चेंबरची गोळी मात्र दर वेळी ३ सेंमी उजवीकडे जाते. त्याचे तोंड मोजून माप येथेच कळवतो.