डर्बनसाठी गाऱ्हाणं

(सोसायटीचा ग्रुप, चिपळूण. बुधवार, १४ जुलै २०२१)

सी-२०४ काका: पाण्याच्या मोटरचा विषय चालू आहे, तरी मध्येच बोलतो. माझा दक्षिण आफ्रिकेतला, डर्बनचा दोस्त आठवतोय? २०१६च्या शिमग्याला आला होता, पालखी नाचवताना चष्मा हरवला तो. तिथल्या फिनिक्स वस्तीत राहतो. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. त्याच्यासाठी देवाला हात जोडा.

बी-००२ काकी: अगोबाई, आमच्याकडे घावणे खाऊन गेले ते? काय झालं तिकडे?

सी-२०४ काका: जेकब झुमा, तिथले माजी राष्ट्राध्यक्ष. कोर्टाच्या अवमानासाठी १५ महिन्यांची शिक्षा. ७ तारखेच्या रात्री आत गेले आणि पेटलं. ट्रक जाळले, मॉल लुटले. लुटणाऱ्यांतल्या कित्येकांना झुमांशी देणंघेणं नाही. तिकडे काम मागणाऱ्या शंभरांत ३२ जण बेकार. ७०च्या वर माणसं गेलीत.

ए-३०३: काका, मला व्हिडिओ आलाय. भारतीयांना शोधून मारतायत म्हणे. टाकू?

सेक्रेटरी: नको. आणि मोटर ७ वाजता चालू होईल.

सी-२०४ काका: टाकू नकोस रे. तिकडेही हेच फिरतंय. रात्री निरोप यायचा, 'आले, पुलाशी आले'. पोलिसांचा पत्ता नाही. मग गल्लीतल्या लोकांनी टायर, गाड्या आडव्या लावून पहारा धरला. घाबरलेला माणूस दुसरं काय करणार? पण पुढे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक काळ्या माणसाला अडवायला लागले, कामावरून घरी निघालेल्यालासुद्धा. त्यात माणसं मारली गेली. माझा दोस्तही काठी घेऊन उभा होता. हे त्यानंच मला सांगितलं.

ए-३०३: मग काय, घर जळू द्यायचं?

सी-२०४ काका: नाही रे बाबा. जहाजावर समुद्री चाच्यांसाठी रात्र-रात्र पहारा मीही दिलाय. पण चाचे बंदुका घेऊन येतात. भाकरी बांधून चाललेल्या बाईकडे काय असतं?

सी-२०१ चाची: माझी मामेबहीण केपटाऊनला असते. तिथे ही दंगल पोचलेली नाही, पण तिची सासू डर्बनची. १९४९ची भारतीयांविरुद्धची दंगल तिच्या डोळ्यांसमोरून जात नाही. १४२ माणसं गेली होती तेव्हा.

सी-२०४ काका: बरोबर, चाची. आणि नंतर गोऱ्या सरकारनं वस्त्याच वेगळ्या केल्या. १९७६ला फिनिक्स वसवलं ते भारतीयांसाठी, शेजारचं क्वामाशू काळ्यांसाठी. गांधीजींनी १९०४ला काढलेला आश्रम तिथलाच, तो १९८५च्या दंगलीत जळाला. त्या जागेभोवती आता झोपडपट्टी आहे, नाव भंबायी. म्हणजे आपली बॉम्बेच. दोस्ताच्या वर्कशॉपमधला फिटर त्या भंबायीतला. झुलू, म्हणजे तिथल्या काळ्यांतला. वीस वर्षं एकत्र काम केलंय. सोमवारपासून त्याचा फोन लागत नाही.

बी-००२ काकी: गाऱ्हाणं घालूया. ३०१वाले दादा, तुम्हीच घाला. कोरोनामुळे देवळं बंद आहेत तर इथंच.

बी-३०१ दादा: बा देवा काळभैरवा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, आज तुझी लेकरं मोबायलातनं तुझ्याम्होरं उभी हायत. डर्बनात आपली मानसं अडकलीत, त्यांच्या दारातली आग इझव. त्यांच्यावर जो हात उचलंल त्याचा हात झडू दे रे म्हाराजा!

ए-३०३: व्हय म्हाराजा 🙏

सेक्रेटरी: व्हय म्हाराजा

सी-२०४ काका: दादा, शेवटचं मागे घ्या. भंबायीचा फिटरही आपलाच माणूस. मग त्यात माझ्या दोस्ताचाही हात जाईल.

(पंधरा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही.)

बी-३०१ दादा: बरं. जो हात उठला आसंल, कुनाचाबी असो, तो खाली आण रे म्हाराजा. नि त्या फिटराला घरला पोचव.

बी-००२ काकी: व्हय म्हाराजा!

सी-२०१ चाची: आमीन. व्हय म्हाराजा.

ए-३०३: हा मेसेज डिलीट केला आहे

(रविवार, २५ जुलै)

सेक्रेटरी: ज्यांना नेटवर्क आलंय त्यांनी वाचा. पिण्याचं पाणी जिन्यात ठेवलंय, घरटी दोन बाटल्या. तळमजल्यातला गाळ काढायला फावडी घेऊन या.

सी-२०४ काका: फोन आत्ता चार्ज झाला. डर्बनचे १९ कॉल येऊन गेलेत. वाशिष्ठीचा पूर टीव्हीवर बघितला म्हणतो. घावणेवाल्या काकी कुठे आहेत, विचारतोय.

बी-००२ काकी: चाचींकडे वर आहे म्हणावं. बिडाचा तवा तेवढा गाळात सापडला. त्यांचा फिटर सापडला का?

सी-२०४ काका: सापडला. डोक्याला सात टाके. पण घरी आलाय. दोस्त भंबायीच्या वळणापर्यंत गेला आणि परत फिरला. पुढे जायला तोंड नाही म्हणतो.

बी-००२ काकी: आज जा म्हणावं. आणि हात हलवत जाऊ नको.