हालचालीतला आणि वागण्यातला डौल मोठेपणी अंगी बाणवता येतो का?

प्रश्न : दांडियाबाजारकर

सप्रेम नमस्कार. माझे वय छत्तीस असून मी बडोद्यातच लहानाची मोठी झाले. मागच्या महिन्यात धाकट्या भावाच्या साखरपुड्याचे चित्रीकरण आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिले आणि त्यात स्वतःला पाहून मी फार अस्वस्थ झाले. पंगतीत श्रीखंड वाढताना मी कमरेत वाकले आहे, मान पुढे काढली आहे आणि त्याच वेळी मागे वळून कुणाशी तरी बोलते आहे. डाव वाटीच्या काठावर आपटतो. ज्या आजोबांना मी वाढते आहे ते पानावर हात आडवा धरून "पुरे" म्हणत आहेत, आणि ते मला ऐकूच गेलेले नाही. त्याच पंगतीत माझ्या आत्याबाई वाढत होत्या. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, पण प्रत्येक पानापाशी त्या क्षणभर थांबतात, पानाकडे बघतात, वाढतात आणि मगच पुढे सरकतात. त्यांच्याकडून काही सांडत नाही, आणि त्यांची ओळ माझ्या ओळीच्या आधी पूर्ण झाली.

हा डौल जन्मजातच असावा लागतो की या वयातही शिकता येतो? शिकायला गेले तर तो नाटकी वाटेल, अशी मला मनापासून भीती वाटते. हा प्रश्न शरीराचा आहे की स्वभावाचा, हेही मला उमगत नाही.

उत्तर १ : नृत्यशिक्षिका, रावपुरा

ताई, आपण आत्याबाईंचे जे वर्णन केले आहे त्यातच अर्धे उत्तर आले आहे. भरतनाट्यम शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला 'यतो हस्तस्ततो दृष्टिः' हे वचन पाठ असते : जिथे हात तिथे दृष्टी, जिथे दृष्टी तिथे मन. आपला हात वाटीपाशी होता आणि डोळे मागे होते. आत्याबाईंचे हात, डोळे आणि मन एकाच पानावर होते. बघणाऱ्याला जो डौल वाटतो तो पुष्कळदा एवढाच असतो, आणि म्हणून तो नाटकी होण्याचे भय बाळगू नये. आपण कसे दिसतो याकडे लक्ष गेले की हालचाल नाटकी होते. ते हातातल्या कामाकडे राहिले की होत नाही.

आता शरीराविषयी. नाट्यशास्त्रात 'सौष्ठव' सांगताना अंग चंचल नसावे आणि कुबड काढलेले नसावे, असे म्हटले आहे. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मान पुढे काढली की ते पेलण्याचा ताण मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंवर येतो, खांदे वर चढतात आणि हात आखडतो. डाव काठावर आपटतो तो अशा आखडलेल्या हाताने. म्हणून वाढताना एक पाऊल थोडे पुढे ठेवावे, दोन्ही गुडघे सैल सोडावेत आणि पाठ गोल न करता खुब्यातून खाली यावे. खुर्चीवरून उठताना आधी पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावीत, धड खुब्यातून पुढे आणावे, वजन पावलांवर आल्याचे जाणवू द्यावे आणि मग उभे राहावे. हातांनी खुर्ची ढकलावी लागत नाही आणि उठताना तोंडून "आई गं" निघत नाही.

१८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई सयाजीराव महाराजांच्या महाराणी चिमणाबाई होऊन आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी बडोद्यात आल्या आणि ही विद्या इथे रुजली. आज माझ्याकडे चाळिशीनंतर शिकायला येणाऱ्या स्त्रिया आहेत. रंगमंचावर उभे राहण्याची त्यांची इच्छा नसते. त्यांना नीट उभे राहायचे असते. तीन-चार महिन्यांत त्यांचे जिना उतरणे बदललेले मी पाहिले आहे.

उत्तर २ : जुना मल्लखांबपटू

मी नर्तक नव्हे. लहानपणी पाच-सहा वर्षे मल्लखांब केला, एवढाच माझा अधिकार. आमचे वस्ताद खांबावरच्या कसरतीपेक्षा खाली उतरण्याला अधिक महत्त्व देत. उडी मारणाऱ्याकडे पाठ करून ते उभे राहत आणि जमिनीवर पावलांचा धप्प आवाज आला की न वळताच म्हणत, "पुन्हा." चवडे आधी टेकले, गुडघे वाकले आणि श्वास कोंडला नसला तर आवाज येत नसे. साठी उलटून गेली तरी ती परीक्षा मला उपयोगी पडते, कारण स्वतःची चाल स्वतःला दिसत नाही, पण ऐकू येते.

आपण एका आठवड्यासाठी घरातला एकच आवाज निवडावा. चपला फरफटण्याचा, कपाटाचे दार लागण्याचा किंवा पेला ओट्यावर ठेवण्याचा. पेला ठेवताना आधी करंगळी ओट्याला टेकवावी, मग बूड टेकू द्यावे. यासाठी हळू वागावे लागते असा समज आहे, तो मला मान्य नाही. आमच्यातली सर्वांत चपळ मुलेच सर्वांत कमी आवाज करत.

उत्तर ३ : खंडेराव मार्केटजवळची

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरी मला एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. "हळू चाल, हळू हस, पदर सावर" हे आमच्या घरांत मुलींनाच ऐकवले गेले. पाय आपटत जिना चढणाऱ्या भावाला कुणी थांबवले नाही. अशा धाकातून मुलगी आखडते, आणि त्या आखडण्यालाच लोक शालीनता म्हणतात. ताईंनी पंगतीतल्या इतरांच्या नजरेसाठी बदलू नये. आजोबांचे "पुरे" ऐकू यावे यासाठी बदलावे. माझ्या मते तेच त्या प्रसंगातले खरे उणे होते.

डौल मी माझ्या वडिलांकडून शिकले, आणि ते पाय ओढत चालणारे, अंगाने स्थूल गृहस्थ होते. मंडईत भाजी घेतल्यावर ते सुटे पैसे टोपलीत कधी टाकत नसत. भाजीवाल्या बाईने हात पुढे करेपर्यंत थांबत, नाणी तिच्या तळहातावर ठेवत आणि तिला "मावशी, बरोबर आहेत ना?" असे विचारून मगच पिशवी उचलत. चूक झाली तर "माझे चुकले" एवढेच म्हणत. त्याला "पण" जोडत नसत. घाईत असताना, आणि ज्याच्यावाचून आपले काही अडत नाही अशा माणसाशी आपण कसे वागतो, तिथे स्वभाव आणि शरीर वेगळे काढता येत नाहीत.

प्रश्नकर्ती : दांडियाबाजारकर

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आक्षेप वाचून मन हलके झाले. मी पेल्यापासून सुरुवात केली आहे आणि करंगळीची युक्ती खरोखर लागू पडते. एक शंका उरते : माझा उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे पंगतीत वाकणे आणि जमिनीवरून उठणे जड जाते. अशा वेळी काय करावे?

नृत्यशिक्षिका, रावपुरा

दुखऱ्या गुडघ्यावर वाकण्याचा हट्ट धरू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. उठताना कुशीवर वळून दोन्ही तळहात जमिनीवर टेकवावेत, गुडघ्याखाली घडी घातलेली चादर घेऊन गुडघ्यांवर यावे, मग डावे पाऊल पुढे ठेवून त्यावर वजन घेत उठावे. हाताचा आधार घेण्यात काही कमीपणा नाही. पंगतीत मात्र पातेले दुसऱ्या कुणाकडे द्यावे आणि आपण ताटांच्या ओळीच्या टोकाशी स्टुलावर बसून कुणाला काय हवे ते बघावे. आजोबांचे "पुरे" तिथूनही ऐकू येते.