ॲडमिट झालेल्या ज्येष्ठांचं 'स्वतःचं स्वतः': तुमचे अनुभव लिहा

न्यूमोनिया बरा होतो, ऑपरेशन नीट पार पडतं, पण घरी आलेल्या माणसाला बाथरूमपर्यंत जायलाही कोणीतरी लागतं. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सत्तरीपुढच्या रुग्णांपैकी जवळजवळ तिघांत एक जण आजारपणाआधी जमणारं एखादं रोजचं काम गमावून घरी गेला होता. रोजची कामं म्हणजे आंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली ही यादी डॉक्टर आजही वापरतात. तुमच्या घरी काय घडलं, काय उपयोगी पडलं, ते सविस्तर लिहा.

*

मी स्वतःच पेशंट होते, वय शहात्तर. सलाईनची सुई उजव्या मनगटाजवळ. हात वाकवला की मशीन ओरडायचं, म्हणून सून चमच्याने भरवू लागली. ती मायेनेच करत होती, पण मला घास गिळवेना. सुई बदलायची वेळ आली तेव्हा मी सिस्टरना म्हटलं, "डाव्या हाताला, कोपराच्या खाली लावता येईल का?" त्यांनी लगेच लावली. त्या दुपारी मी माझ्या हाताने जेवले, वेणी घातली, गाऊनच्या नाड्याही बांधल्या. सांडलं थोडं. सांडू दे.

*

बाबांना लघवीची नळी घातली होती. कारण विचारलं तर उत्तर आलं, "सोयीचं पडतं." कोणाच्या सोयीचं? नळीमुळे माणूस पलंगाला बांधला जातो आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो तो वेगळाच. राउंडला रोज एकच प्रश्न विचारा: आज नळीची गरज आहे का?

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नातेवाईक म्हणतात, "जरा आराम करू द्या." पण धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचे स्नायू जवळपास किलोभर घटल्याचं दिसलं आहे, आजारी माणसाचं काय होत असेल? डॉक्टरांची परवानगी असेल तर जेवण खुर्चीत बसून करायला लावा. उठवताना मात्र घाई नको. आधी पाय खाली सोडून बसवा, चक्कर येत नाही ना ते विचारा, मगच उभं करा. पडण्याच्या भीतीने अजिबात न उठवणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

*

चष्मा, कवळी, कानाचं मशीन पिशवीत ठेवू नका. मामांना रात्री भ्रम व्हायचा. दिसायला-ऐकायला लागल्यावर पुष्कळ फरक पडला.

*

दुसरी बाजूही लिहिते. आत्या फार थकली होती. तिला सगळं स्वतः करायला लावणं म्हणजे छळच झाला असता. तोंड तेवढं ती स्वतः पुसायची, बाकी आम्ही करायचो. काय करायचं ते तिनेच ठरवलं होतं.

*

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या असतात, माणसाला काय जमतं ते नसतं. म्हणून आम्ही आदल्या दिवशीच विनंती केली की आजीला आमच्यासमोर एकदा कमोडवरून उठवून बघा. तिला जमलं नाही. मग ती घरी यायच्या आत उंच सीट आणि भिंतीला धरायची दांडी बसवून घेतली.