नातवासाठी डास पळवणारी कोणती झाडं लावू?

दुधाळीची आजी
गणपतीला लेक माहेरी येतेय, आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन. आमचं घर रंकाळ्यापासून चालत पाच मिनिटांवर. संध्याकाळी सहा वाजले की दारं-खिडक्या लावून बसायचं. कॉइलचा धूर बाळाला नको वाटतो. रोपवाटिकेत डास पळवणारं म्हणून दीडशे रुपयांचं एक गवत दाखवलं, हुबेहूब गवती चहा! तो तर परसात मोरीच्या सांडपाण्यावर माझ्या कमरेएवढा वाढलाय. मग तेच पुरेल का? अंगणात तुळस, ओवा, झेंडू मिळून बारा कुंड्या आहेत.

राजारामपुरीचा बागवाला
मावशी, ते सिट्रोनेला. गवती चहाचं भाऊबंद, पण जात वेगळी. बुंधा तांबूस असतो, वास उग्र. चहात घालू नका. मी दोन पावसाळे दारात पाच कुंड्या ठेवल्या आणि त्याच पानांवर डास बसलेले बघितले. तेल पानाच्या आत असतं, नुसत्या उभ्या झाडातून ते पुरेसं हवेत येत नाही. पान चुरगळून हातापायाला चोळलं तर थोडा वेळ फरक पडतो. तुळशीचं, पुदिन्याचंही तसंच. बाळाच्या अंगाला मात्र काही चोळू नका, कातडी नाजूक असते.

कागलकर
आमच्याकडं निरगुडी आणि कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतात. डास हटतात.

निवृत्त आरोग्यसेविका
हटतात, पण धूर तो धूरच. तान्ह्या बाळाच्या खोलीत नको.

आजी, मी पंचवीस वर्षं बॅटरी घेऊन घरोघरी पाण्याची भांडी तपासली, म्हणून कळकळीनं सांगते. तुमचे सहाचे डास बहुतेक त्या मोरीच्या डबक्यातलेच आहेत. क्युलेक्स डासाला घाण पाणी लागतं. गवती चहा राहू द्या, पण सांडपाणी शोषखड्ड्यात नाहीतर गटारात सोडा.

डेंग्यूचा डास वेगळा. तो दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंड्यांखालच्या बशा बघा. पाणी नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. काथ्यानं घासायचं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळी भांडी कोरडी करा. फ्रिजमागचा ट्रे विसरू नका. आणि बाळाला दिवसाही मच्छरदाणीतच झोपवा.

दुधाळीची आजी
आत्ताच बशा उलट्या करून आले. बारापैकी सातांत अळ्या वळवळत होत्या. तुळशीच्या बशीतही! रोज सकाळी मीच पाणी घालत होते. सगळ्या काथ्यानं घासून उन्हात ठेवल्यात. मोरीसाठी उद्या गवंड्याला बोलावलंय. हौद मात्र मोठा आहे, दर आठवड्याला उपसणं मला झेपणार नाही.

निवृत्त आरोग्यसेविका
हौदात गप्पी मासे सोडा, अळ्या खातात. महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारून बघा. झाकण लावलंत तर जाळीचं लावा.